उड्डाणानंतरची गोष्ट



  अवकाशातल्या दुर्बिणींविषयी मराठीत भरपूर लिहिले जाते, पण ते बहुधा उड्डाणाच्या दिवशी. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘आदित्य-एल१’ हे सूर्याचा वेध घेणारे यान निघाले, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी पहिली पाने त्याला दिली. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवती फिरू लागले, तीही बातमी झळकली. मग आपण पांगलो. वेधशाळेचे खरे आयुष्य तिथून पुढे सुरू होते आणि ते मराठीत फारसे उतरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘अ‍ॅस्ट्रोसॅट’चेच पाहा. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ही वेधशाळा कक्षेत गेली. पाच वर्षे टिकावी म्हणून बांधली होती, ती दहा वर्षांनंतरही कामात होती. तिच्यावरची क्ष-किरणांची तीन उपकरणे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडली. मला आज सांगायचे आहे ते तिच्या अतिनील दुर्बिणीबद्दल, यूव्हीआयटीबद्दल. ऑक्टोबर २०१६ मध्ये या दुर्बिणीने आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याकडे एकूण २८ तासांहून अधिक वेळ पाहिले. हबल या अवकाश दुर्बिणीने तो तुकडा आधीच पिंजून काढला होता. हबलचा आरसा २.४ मीटर व्यासाचा, यूव्हीआयटीचा जेमतेम ३८ सेंटीमीटरचा. तरीही ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या एका दीर्घिकेतून निसटलेला तीव्र अतिनील प्रकाश या लहान दुर्बिणीला गवसला. असा प्रकाश वाटेतला हायड्रोजन सहसा शोषून घेतो, त्यामुळे तो बाहेर पडणेच दुर्मीळ. विश्वाच्या प्रसरणाने त्याची तरंगलांबी ताणली गेली, म्हणून तो या दुर्बिणीच्या टप्प्यात आला. शिवाय तिच्या शोधकातला पार्श्वभूमीचा गोंगाट इतका कमी होता की मूठभर प्रकाशकणही वेगळे ओळखता आले.

निरीक्षण २८ तासांचे. पण तो प्रकाश त्याच दीर्घिकेचा आहे, शेजारच्या एखाद्या ताऱ्याचा किंवा उपकरणातल्या दोषाचा नाही, याची खात्री करण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालचा तो शोधनिबंध ऑगस्ट २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभीच्या विश्वातला धूसर हायड्रोजन पहिल्या दीर्घिकांनी कसा आयनित केला, या प्रश्नाला त्यातून एक धागा मिळाला. संशय धरून काढलेली ती दोन वर्षे म्हणजे एका उत्तम दीर्घलेखाचा ऐवज आहे. तो मराठीत यायला हवा.

आता सूर्याकडे. त्याचा २०० ते ३०० नॅनोमीटरचा प्रकाश ओझोनचा थर अडवतो. यातल्याच आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाने ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि ओझोन तयार होतो. म्हणजे आपले छत्र ज्या प्रकाशाने विणले जाते, तो छत्राखाली उभ्या असलेल्याला दिसू शकत नाही. म्हणून वर जावे लागते. ‘आदित्य’वरची ‘सूट’ ही दुर्बीण याच कामासाठी आहे आणि ती आयुकाची आहे. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांच्या नेतृत्वाखाली ती घडली. तिच्यातल्या ११ गाळण्यांतून सूर्याच्या वातावरणाचे वेगवेगळे थर न्याहाळता येतात. अतिनील दुर्बिणीच्या आरशावर वाफेचा डोळ्यांना न दिसणारा थर बसला, तरी प्रकाश गिळला जातो. त्यामुळे आत वापरायचा गोंद आणि वायरीसुद्धा आधी पारखून घ्याव्या लागतात. हे पारखणारे हात आपल्या लेखनात कधी दिसणार? २२ फेब्रुवारी २०२४ च्या प्रचंड सौरज्वालेची या दुर्बिणीने टिपलेली चित्रे पाहताना मला त्या हातांची आठवण होते. पुढे मे महिन्यात सौरवादळ आले आणि लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झाले. ती छायाचित्रे घरोघरच्या फोनवर पोहोचली, त्यामागचे विज्ञान मात्र फार थोड्यांपर्यंत.

मागोवा सुटला की काय होते, याचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ च्या खग्रास ग्रहणात विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, असे आपण दर ऑगस्टमध्ये छापतो. प्रत्यक्षात त्या ग्रहणाच्या दिवशी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, गुंटूरला वेध घेत होते ते फ्रान्सचे जान्सेन. लॉकियर इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना पाहिली. ते विजयदुर्गला आले हेही खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या मोहिमेत ब्रिटिश नौदलाच्या ‘मेल्पोमेनी’ जहाजावरच्या खलाशांनी त्यांना मदत केली. तीस वर्षांचे अंतर असलेल्या दोन घटना आपण एक करून टाकल्या. कोकणाच्या किल्ल्यावर खलाशांच्या साथीने मांडलेली वेधशाळा ही खरी कहाणी त्यापेक्षा कितीतरी रसाळ आहे आणि विजयदुर्गचा मान तिने कणभरही कमी होत नाही.

असे लेखन मराठीत शक्य आहे, याचा आदर्श आपल्यासमोर होता. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर आपल्यातून गेले. त्यांनी आयुका उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. संशोधन आणि मराठी एकाच टेबलावर नांदू शकतात, हे त्यांनी जगून दाखवले.

माझा प्रस्ताव साधा आहे. ‘आदित्य’ची निरीक्षणे इस्रोने जानेवारी २०२५ पासून सर्वांसाठी खुली केली आहेत. परभणीच्या किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयातली विद्यार्थिनीही ती उतरवून घेऊ शकते. मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने एक उपकरण निवडावे आणि वर्षभर त्याचा पाठपुरावा करावा. त्याचे शोधनिबंध वाचावेत, ते बांधणाऱ्यांशी बोलावे, त्याचे काय बिघडले आणि काय सुधारले ते विचारावे. एखादे महाविद्यालय सोबतीला घ्यावे. पुढच्या संमेलनाच्या स्मरणिकेत हे लेख छापावेत, अशी संयोजकांना विनंती आहे. ‘सूट’वरचा लेख मी आजच स्वीकारतो. बाकीच्या उपकरणांसाठी दुपारच्या सत्रात नावे नोंदवून घेऊ.