बी सोबत आणा
(रेडिओवरील भाषण)

सोयगावच्या भागात बांधावरचा एरंड आणि कुंपणावरची गुंज कुणाला नवी नाही, तेव्हा ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. दोन्हींच्या बिया विषारी. गुंजेच्या बीचं कवच टणक. सबंध गिळलेली बी बहुधा तशीच बाहेर पडते. चावून खाल्ली, किंवा माळेसाठी भोक पाडलेली पोटात गेली, तर मात्र घात.

आत काय होतं? पिठाची गिरणी आठवा. पेशीत प्रथिनं दळणाऱ्या बारीक गिरण्या असतात. एरंडातलं रायसिन आणि गुंजेतलं अ‍ॅब्रिन म्हणजे असा खडा, की दळणाचा दगडच निकामी करतो. दाणे आहेत, पीठ पडत नाही. पण डब्यात कालचं पीठ असतं, म्हणून घराला लगेच कळत नाही. बी खाल्लेलं पोरगं खेळतंय, काही झालं नाही, म्हणून तुम्ही बसून राहता. अहो, डबा खडखडल्यावर धावून काय उपयोग?

१८९१ साली जर्मनीत पॉल एर्लिश यांनी ही विषं थोडी थोडी देऊन उंदरांच्या रक्तात उतारा तयार करवला. पण गुंजेचा उतारा एरंडाला चालेना! अलीकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अ‍ॅब्रिनला अडवणारं प्रतिपिंड तयार झालं. त्यानं उंदीर वाचले. प्रतिपिंड म्हणजे चाळणी. खडा चाळणीत अडला तर ठीक, दगडाखाली गेल्यावर चाळणी काय करणार? आणि माणसासाठी मान्य झालेला उतारा या दोन्ही विषांवर आजही नाही. डॉक्टरांच्या हाती सलाईन, वेळेत पोचलात तर कोळशाची औषधी भुकटी, आणि डोळ्यांत तेल घालून देखरेख.

तेव्हा दवाखान्यात येताना बी सोबत आणा. बी नसेल तर पानासकट डहाळी आणा. "रानातलं काहीतरी खाल्लं" एवढ्यावर डॉक्टरांनी काय ओळखायचं? मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालून ओकारी काढू नका. सोयगावहून जिल्ह्याच्या ठिकाणचं घाटी रुग्णालय दोन तासांच्या वर. वाटेतून बीसाठी मागे फिरायला वेळ नसतो.

झाड ओळखायचं कशासाठी? धोत्र्याच्या विषाचं तंत्र निराळं. त्यावर फायसोस्टिग्मिन नावाचं औषध आहे. पिवळ्या कण्हेरीचा मार हृदयावर, तिचा उतारा आणखी वेगळा. झाड वेगळं, तर इलाज वेगळा, एवढं ध्यानात ठेवा. १०८ला फोन करा, आणि गाडीत बसताना पोराच्या मुठीतली बी फेकू नका. पुडीत बांधून डॉक्टरांच्या हातात द्या.