मोबाईलमधलं त्रिपिटक



आपलं रिद्धपूर महानुभावांचं. त्यांचे ग्रंथ शेकडो वर्षं सकळ लिपीत बंद होते. परक्याला वाचताच येत नसत. आपल्याला तर पाटीचीच मनाई होती! आता इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासानं अख्खं पाली त्रिपिटक देवनागरीत इंटरनेटवर फुकट ठेवलं आहे.

पण नीतिशास्त्र शिकणारी आपली पोरं व्हॉट्सॲपवरचं कालामसुत्त उतरवतात. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, एवढंच! अंगुत्तर निकायाचा तिकनिपात उघडा. लोभ, द्वेष, मोहानं माणसाचं हित होतं की अहित, हे तथागतांनी कालामांनाच पुढं विचारलं आहे. ते पेपरात येतच नाही. पाली अडलं तर सुत्तसेंट्रलवर इंग्रजी भाषांतर आहे. रविवारी वंदनेनंतर एकेक सुत्त काढू. कॉलेजातल्या पोरींनी अर्थ सांगावा, आम्ही गिरणीवाले प्रश्न विचारू.