न नोंदवलेले हल्ले
२२ एप्रिल १९९३. लंडनच्या एल्थम भागात बसथांब्याजवळ गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून केला. सोबतच्या मित्राला पोलिसांनी पीडित म्हणून वागवलेच नाही.

मग तक्रार करणार कोण?

इंग्लंड-वेल्समधील सर्वेक्षणांनुसार जेमतेम निम्मे द्वेषगुन्हे पोलिसांपर्यंत पोहोचतात. ‘काही होणार नाही’ ही खात्री, सूडाची भीती आणि शिवीगाळ रोजचीच मानण्याची सवय पीडितांना गप्प बसवते.

लॉरेन्स खुनाच्या तपासाची चौकशी करणाऱ्या १९९९च्या मॅकफर्सन अहवालाने मार्ग दाखवला: पीडिताला किंवा इतर कुणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर ती तशीच नोंदवावी, तक्रार चोवीस तास आणि पोलीस ठाण्याबाहेरही करता यावी.

दिल्लीतही २०१४मध्ये अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा वंशद्वेषी मारहाणीनंतर मृत्यू झाल्यावर ईशान्य भारतीयांसाठी १०९३ हा मदत क्रमांक सुरू झाला.