सागरावरचा संदेश आणि सरकारी परवाना

(कोरेगाव येथील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



वसना नदीच्या काठी बसून समुद्रावरील आगबोटींची कथा ऐकवणारा हा वक्ता जरा वेडाच दिसतो, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. समुद्र आणि आपल्यामध्ये सह्याद्री उभा आहे. तरीही हा विषय मी जाणीवपूर्वक निवडला. आपल्या गावाच्या स्टेशनातून पुणे-मिरज मार्गाची गाडी जाते, त्या लोहमार्गाच्या कडेने एकेकाळी तारेचे खांब उभे होते. १९४२ नंतर याच सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे तरुण रात्री बाहेर पडत, तेव्हा तारा तोडणे हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक असे. सत्तेचा कान कोठे असतो, हे त्या शेतकऱ्यांच्या पोरांना कोणी शिकवावे लागले नाही. आता विचार करा, तार असेल तर ती तोडता येते. पण जो संदेश तारेवाचून जातो तो कसा तोडणार? आणि असा संदेश कोणीही पाठवू शकतो, हे लक्षात आल्यावर राज्यकर्त्यांनी काय केले? आजचा विषय तो आहे.

१८५७ च्या ११ मे रोजी दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या तारेने इंग्रजांना सावध केले. ती आठवण ते कधीच विसरले नाहीत. १८८५ चा भारतीय तार कायदा त्या आठवणीच्या पोटातून आलेला आहे, असे माझे मत आहे. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने तारायंत्र उभारण्याचा आणि चालवण्याचा एकाधिकार सरकारने स्वतःकडे घेतला. पाचव्या कलमाने आणीबाणीच्या प्रसंगी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी कोणाचाही संदेश अडवण्याचा आणि उघड करवून घेण्याचा अधिकार घेतला. त्या वेळी बिनतारीचा जन्मही झाला नव्हता. कोट मात्र शिवून तयार होता. पुढे जन्मलेल्या बाळाच्या अंगावर तो चढवला, इतकेच.

या जन्मकथेत आपल्या देशाचाही वाटा आहे. १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, दूर ठेवलेल्या दारूचा स्फोट घडवून दाखवला. १८९९ साली त्यांनी लोखंड आणि पारा वापरून केलेल्या ग्राहकाचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गेले. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने अटलांटिक पलीकडचा संदेश ज्या प्रकारच्या ग्राहकाने पकडला, त्याचे मूळ बोस यांच्या या उपकरणात आहे, असे अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात १९९८ साली सप्रमाण मांडले गेले. बोस यांना संशोधनाचा व्यापार करायचा नव्हता. मार्कोनीला करायचा होता, आणि त्याने तो उत्तम केला!

इतका उत्तम की जगातील सरकारे जागी झाली. मार्कोनी कंपनीचा नियम असा होता की तिची यंत्रे असलेल्या बोटींशीच तिची किनाऱ्यावरील केंद्रे बोलणार. दुसऱ्या बनावटीचे यंत्र असलेल्या बोटीला उत्तर नाही. १९०२ साली जर्मन सम्राटाचे बंधू प्रिन्स हेन्री अमेरिकेहून परतत होते. त्यांच्या बोटीवर जर्मन बनावटीचे यंत्र होते, आणि त्यांनाही याचा अनुभव आला. सम्राट संतापले. १९०३ साली बर्लिनला पहिली आंतरराष्ट्रीय बैठक भरली आणि १९०६ च्या करारात ठरले की, यंत्र कोणाचेही असो, किनाऱ्याने बोटीचा संदेश घेतलाच पाहिजे. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही संकटाची खूण याच करारातली. एखाद्या व्यापारी कंपनीच्या हाती दळणवळणाच्या नाड्या गेल्या की काय होते, याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा धडा आहे. आज मोबाईल कंपन्यांविषयी बोलताना आपण तो जरूर आठवावा.

इंग्लंडने तोवर वाट पाहिली नव्हती. १९०४ सालीच तेथे बिनतारी तारायंत्राचा कायदा झाला. जमिनीवर असो वा ब्रिटिश बोटीवर, पोस्टमास्तर जनरलच्या परवान्यावाचून कोणी यंत्र बसवायचे नाही की चालवायचे नाही. परकी बोट ब्रिटिश जलमर्यादेत आली की तिच्या यंत्रावरही सरकारचे नियम लागू. हिंदुस्थानात १९०२ साली हुगळीच्या मुखाशी सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यामध्ये बिनतारी केंद्रे सुरू झाली, ती गोदीकडे येणाऱ्या बोटींच्या सोयीसाठी. आणि १९०५ साली ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळील डायमंड बेटाशी बिनतारीने जोडले गेलेले ठिकाण कोणते? पोर्ट ब्लेअर! ज्या अंदमानात राजबंद्याला वर्षातून एक पत्र घरी धाडण्याची मुभा होती, त्याच अंदमानात सरकारचा शब्द समुद्र ओलांडून क्षणात पोहोचत होता.

आता मी आपल्याला जुलै १९१० मध्ये घेऊन जातो. स्वातंत्र्यवीर सावरकरांना घेऊन 'मोरिया' बोट १ जुलैला इंग्लंडच्या किनाऱ्याहून निघाली. ८ जुलैच्या सकाळी मार्सेय बंदरात त्यांनी बोटीच्या गवाक्षातून समुद्रात उडी घेतली. ती कथा येथे कोणाला सांगायला नको. मला सांगायचे आहे ते वेगळे. बोट मार्सेयला थांबणार, बंदीला पळवण्याचा प्रयत्न होऊ शकतो, हे इंग्रज पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधी कसे कळवले होते? हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिलेल्या निकालपत्रात त्याचा उल्लेख आहे. २९ जून १९१० च्या पत्राने! साध्या टपालातल्या पत्राने. त्या पत्रामुळेच फ्रेंच पोलीस बंदरावर सज्ज राहिले, आणि त्या पत्राचाच आधार घेऊन लवादाने सावरकरांना फ्रान्सकडे परत देण्याची गरज नाही, असा कौल दिला.

त्याच महिन्याच्या २२ तारखेला अटलांटिकवरील 'माँट्रोज' बोटीच्या कप्तानाने बिनतारीने लंडनला कळवले की पत्नीच्या खुनाचा संशयित डॉ. क्रिपेन वेष पालटून माझ्या बोटीवर आहे. लंडनचा पोलीस अधिकारी अधिक वेगाच्या बोटीने निघाला, आणि ३१ जुलैला कॅनडाच्या किनाऱ्याशी क्रिपेन पकडला गेला. मार्सेयच्या उडीनंतर अवघ्या तेवीस दिवसांनी. बिनतारीने खुनी पकडला म्हणून साऱ्या जगाच्या वृत्तपत्रांनी टाळ्या वाजवल्या. मी पत्रकार असल्याने त्या मथळ्यांची कल्पना करू शकतो. पण टाळ्या वाजवताना फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल की खुल्या समुद्रावर माणूस कायद्याच्या हाताबाहेर असतो, ही हजारो वर्षांची समजूत त्या दिवशी संपली. ज्या देशभक्तांना परदेशातून चोरून मायदेशी यायचे होते, त्यांच्यासाठी ही वार्ता आनंदाची नव्हती.

१९१२ च्या एप्रिलमध्ये 'टायटॅनिक' बुडाली. जवळच असलेल्या 'कॅलिफोर्नियन' बोटीचा एकुलता एक बिनतारी चालक काम संपवून झोपला होता, म्हणून हाक कोणाला ऐकू गेली नाही. त्यानंतर अमेरिकेने कायदा केला, आणि २० जानेवारी १९१४ रोजी लंडनला सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पन्नास किंवा अधिक माणसे घेऊन परदेशी जाणाऱ्या बोटींवर बिनतारी हवीच, असे त्यात ठरले. 'परदेशी जाणाऱ्या' हे दोन शब्द लक्षात ठेवा. मी त्यांच्याकडे परत येणार आहे.

त्याच १९१४ साली हिंदुस्थान सरकारने आपला तार कायदा दुरुस्त केला. हिंदी जलमर्यादेतील बोटींवर बिनतारी यंत्र ठेवायचे असेल तर सरकार ठरवील त्या अटींवर आणि त्या बंधनांत, असे कलम चारला जोडले गेले. पाठोपाठ महायुद्ध पेटले. 'एम्डेन' ही जर्मन युद्धनौका बंगालच्या उपसागरात शिरली आणि २२ सप्टेंबरच्या रात्री तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या. स्वतः मौन पाळून दुसऱ्यांच्या बिनतारी गप्पा ऐकणे, ही तिची एक युक्ती होती. ९ नोव्हेंबरला कोकोस बेटावरील बिनतारी केंद्र उद्ध्वस्त करायला ती गेली. तेथील चालकांनी शेवटच्या क्षणापर्यंत हाक दिली, ती 'सिडनी' या ऑस्ट्रेलियन युद्धनौकेने ऐकली, आणि 'एम्डेन' संपली. अंदमानच्या कोठड्यांतही या नौकेची कुजबुज पोहोचली होती. 'माझी जन्मठेप'मध्ये तिचा उल्लेख आहे. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेहून 'सलामिस' बोटीने मायदेशी परतले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात ते फासावर गेले.

पुढची पावले भराभर सांगतो. १९२७ साली खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी थेट बिनतारी सेवा सुरू झाली. १९३३ साली बिनतारीचा स्वतंत्र कायदा झाला आणि परवान्यावाचून यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरला. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या संदेशप्रशिक्षण केंद्रात खलाशांनी उठाव केला, तेव्हा ज्या यंत्रांवर त्यांना गुप्ततेचे धडे दिले होते त्याच यंत्रांनी ती वार्ता बंदराबंदरांतील नौकांवर नेली. साठ वर्षांची सारी कुलपे होती, आणि किल्ली शेवटी हिंदी पोरांच्याच बोटांत निघाली.

हे सांगताना ऊर भरून येतो, हे खरे. पण आता ते दोन शब्द. परदेशी जाणाऱ्या.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्याला एक महिनाही उरलेला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' बोट रेवसकडे निघाली. समर्थांचे नाव ल्यालेली, स्वदेशी कंपनीची बोट. गिरणीत राबणारे, मासळी विकणाऱ्या, सणासाठी गावी निघालेली आपली माणसे. अर्ध्या तासात काशाच्या खडकाजवळ लाटांनी बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मुंबई बंदर डोळ्यांच्या टप्प्यात होते, आणि मुंबईला दुपारपर्यंत पत्ता नव्हता! 'रामदास'वर बिनतारी नव्हती. बातमी आणली ती तरंगत किनाऱ्याला लागलेल्या एका लहान मुलाने. पलीकडे रेवसच्या बाजूच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जितके वाचवता आले तितके जीव वाचवले. त्यांना कोणीही संदेश दिला नव्हता.

यापूर्वी वीस वर्षे, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, याच कोकण किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. म्हणजे सूचना मिळाली नव्हती असे नाही. सागरावरचा संदेश कोणी पाठवू नये, यासाठी सरकारने १९१४, १९३३ असे एकामागून एक कायदे केले. किनाऱ्या-किनाऱ्याने जाणाऱ्या गरीब उतारूला तो पाठवता यावा, याची निकड मात्र त्या राजवटीला १९४७ पर्यंत भासली नाही. पावसाळी वाहतुकीवरील बंधने कडक झाली ती 'रामदास' बुडाल्यावर.

दोष केवळ परक्यांच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये 'कुबेर' ही मच्छीमार नौका भर समुद्रात पळवली गेली, तिच्यावरची आपली माणसे मारली गेली आणि तीच नौका वापरून दहशतवादी मुंबईच्या तोंडाशी आले. मारेकऱ्यांच्या हाती उपग्रह दूरध्वनी होता. 'कुबेर' संकटात आहे हे मात्र किनाऱ्याला कळले नाही. स्वतंत्र भारताला तेव्हा एकसष्ट वर्षे झाली होती. त्यानंतर वीस मीटरपेक्षा मोठ्या नौकांवर स्वयंचलित ओळखयंत्रे आली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, आणि आता इस्रोच्या उपग्रहांशी बोलणारी यंत्रे लहान होड्यांवर बसवण्याचे काम हाती घेतले गेले आहे. २०२३ साली आपल्या संसदेने नवा दूरसंचार कायदाही केला. संदेश अडवण्याचा अधिकार त्यातही आहे. राष्ट्राच्या संरक्षणासाठी तो असावा, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु इस्रोची ती यंत्रे किती होड्यांवर बसली आणि किती खोक्यांतच राहिली, हा प्रश्न मी कोकणात गेलो की दर वेळी धक्क्यावर उभा राहून विचारतो. तेथील तांडेल हसतात आणि म्हणतात, तुम्ही घाटावरची माणसे, तुम्हाला कशाला ही चौकशी?

या तालुक्यातून पोटासाठी मुंबई गाठलेल्या माणसांचे आप्त येथे बसले आहेत. चौकशी कशाला, हे आपणा कोरेगावकरांना मी वेगळे सांगत नाही.