कर्नल वेजवुड मुळातून वाचा

जालियनवाला बागेतील गोळीबाराचा विषय निघाला म्हणजे विलायतेच्या पार्लमेंटातील ८ जुलै १९२० च्या वादविवादाचे स्मरण होते, आणि आपले विद्वान माँटेग्यू व चर्चिल या दोन मंत्र्यांच्या भाषणांपाशीच थांबतात. माझे गाऱ्हाणे असे की, त्यापूर्वी सहा-सात महिने, १९१९ च्या डिसेंबरात, तो गोळीबार करविणाऱ्या जनरल डायरने चौकशीच्या हंटर कमिटीपुढे दिलेल्या जबानीची वार्ता लंडनास पोचते न पोचते तोच, ज्यांनी कॉमन्स सभेत उभे राहून या कृत्याने इंग्लंडच्या नावाला कायमचा बट्टा लागला असे निक्षून सांगितले, त्या कर्नल जोसाया वेजवुड यांचे भाषण कोणी मुळातून वाचीतच नाही.

हे गृहस्थ गॅलिपोलीच्या मोहिमेत जखमी झालेले. म्हणजे लष्करी अंमलदाराला जाब विचारणारा स्वतः रणांगण पाहिलेला होता. महायुद्ध संपल्यावर ते उदारमतवादी पक्ष सोडून मजूर पक्षात आले. घराणे मात्र चिनी मातीच्या भांड्यांबद्दल विख्यात. आपल्या आयाबहिणी मडके घेताना त्याचा घाट पाहून भुलत नाहीत. बोटाने वाजवून पाहतात, शंका आल्यास फिरवून दुसऱ्या अंगाने वाजवतात, आणि कुंभार पिढीजात ओळखीचा असला तरी बद्द वाजणारे मडके परत ठेवतात. वेजवुड मंत्र्यांची उत्तरे अशीच वाजवून घेत. मग मंत्री माँटेग्यूंसारखा हिंदुस्थानचा हितचिंतक का असेना.

जुलैच्या त्या दिवशी डायरच्या कैवाऱ्यांनी माँटेग्यूंविरुद्ध १२९ मते टाकली. विरुद्ध बाजूला २३० मते पडून या कैवाऱ्यांचा पराभव झाला. हे आकडे पुस्तकांत सापडतात. परंतु त्याच चर्चेत वेजवुड यांनी मृतांच्या संख्येपेक्षा इंग्लंडच्या इतिहासावर पडलेल्या कलंकाचा आरोप डायरवर मुख्यत्वे ठेवला, हे संक्षिप्त वृत्तान्तात सापडत नाही. हिंदी लोकांवर दया करा अशी भाषा त्यात नाही. स्वजनांना स्वजनांच्याच अब्रूची आठवण देणारी ती भाषा आहे, आणि माझ्या मते चर्चिल यांच्या भाषणाहून ती अधिक खोल जाते. म्हणून पुन्हा सांगतो, सारांशावर भागवू नका. मूळ वाचा.

१९२० च्याच डिसेंबरात वेजवुड नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला पाहुणे म्हणून आले होते. आमच्या पूर्वजांपैकी कित्येकांनी त्यांना तेथे प्रत्यक्ष पाहिले असेल. असे असूनही विलायतेतील त्यांच्या मतदारांनी, न्यूकॅसल-अंडर-लाइमच्या लोकांनी, १९०६ पासून १९४२ पर्यंत त्यांना सतत निवडून दिले. असल्या परक्या मुलखाच्या प्रश्नांवर बोलणाऱ्या माणसाला मतदार का सांभाळतात, हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, पण घड्याळाकडे पाहता तो येथेच सोडणे भाग आहे.  असो. विधिमंडळात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी निदान हॅन्सर्डचा, म्हणजे पार्लमेंटच्या छापील वृत्तान्ताचा, डिसेंबर १९१९ चा खंड तेवढा ग्रंथालयातून मागवून घ्यावा, आणि प्रश्नोत्तरांची पाने न गाळता वाचावीत.