नवोदयची यादी आणि माळ्यावरची पुस्तकं

आजचा भाग फैजपूरहून, आमच्या घराच्या गच्चीवरून रेकॉर्ड करतोय. मध्येच केळीच्या ट्रकचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या.

काल ताईने विचारलं, "याचा नवोदयचा फॉर्म भरू का रे?" माझा भाचा पाचवीत आहे आणि मी स्वतः नवोदयचा. म्हणजे लगेच हो म्हणायला हवं होतं ना? पण मी गप्प बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेड्यातल्या हुशार मुलांना चांगलं शिक्षण मिळावं म्हणून 1986 च्या शैक्षणिक धोरणातून या निवासी शाळा उभ्या राहिल्या. देशातल्या पहिल्या दोन शाळांपैकी एक आपल्या अमरावतीची. जळगाव जिल्ह्याची शाळा भुसावळजवळ साकेगावला. सहावीला जास्तीत जास्त 80 जागा, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण मुलांना. परीक्षा 2 तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. त्यातले 50 गुण आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीला. आणि संधी एकदाच.

माझ्या आधी पाच वर्षं ताईने ही परीक्षा दिली होती. यादीत नाव आलं नाही. कुणी रागावलं नाही, फक्त तिची पुस्तकं गठ्ठा बांधून माळ्यावर गेली. मी पाचवीत आलो तेव्हा तोच गठ्ठा खाली उतरला. आकृत्या मला ताईनेच शिकवल्या. माझं नाव लागलं, आणि गल्लीत पेढे वाटायलाही तिलाच पाठवलं.

मला खूप मिळालं, खोटं का बोलू? राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. नववीत काही मुलांना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात, त्यात मी होतो. पुढे बीटेक झालं. पण अकराव्या वर्षी घर सुटलं ते सुटलंच. सुट्टीत आलो की आई पाहुण्याला वाढावं तसं ताट वाढायची. घरची लेवा बोली माझ्या तोंडात अडखळायला लागली. बाबा चारचौघांत सांगायचे, "पोरगा नवोदयला आहे." ताई कितवीत आहे, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

आज तीच ताई सासरच्या केळीचं वजन, भाव, मजुरी, सगळा हिशोब तोंडी करते. मी मोबाइल काढेपर्यंत तिचं उत्तर तयार असतं.

काल तिला विचारलं, "तेव्हा वाईट वाटलं होतं का गं?" म्हणाली, "नाव आलं नाही त्याचं नाही रे. नंतर कुणी माझ्या अभ्यासाचं विचारलंच नाही, त्याचं वाटलं."

मंडळी, जागा 80 आहेत म्हणून यादी 80 वर थांबते. एक्क्याऐंशिव्या पोराची हुशारी तिथे थांबत नाही. पण आपण घरचे लोक ती थांबवतो. शाळा फक्त यादी लावते, त्या यादीवरून पोरांची किंमत घरात ठरते.

मी ताईला म्हटलं, फॉर्म भर. पण आधी त्याला विचार, घरापासून लांब राहशील का? आणि नाव लागो न लागो, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच्यासोबत अभ्यासाला बस. धाकटीलाही जवळ घे.

ती हसली. म्हणाली, "आमच्या घराला माळाच नाही रे."

तुमच्या घरातही असा एखादा गठ्ठा असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!