हौद्याच्या काठावरचा वस्ताद
(रुग्णालयाच्या व्यायामोपचार विभागाने योजिलेल्या स्मरणसभेतील भाषण)



रुग्णालयाच्या सभागृहात एका मल्लाचे स्मरण कशासाठी, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. सप्टेंबर २०११ मध्ये पैलवान हरिश्चंद्र बिराजदार यांचे निधन झाले. कुस्तीक्षेत्र त्यांना ‘बिराजदार मामा’ म्हणून ओळखत असे. आम्ही व्यायामोपचार विभागातील मंडळी. कुस्तीतील डावपेचांवर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु पडलेल्या शरीराला उठविणे, दुबळ्या शरीरात बळ आणणे, हे जे काम आम्ही रोज करतो, तेच काम आपल्या मातीत वस्ताद पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. त्या नात्याने मामांचे ऋण मान्य करावे, यासाठी ही सभा.

मामा मूळचे लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. १९६९ साली ते ‘महाराष्ट्र केसरी’ झाले आणि पुढच्याच वर्षी एडिनबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत त्यांनी भारतासाठी सुवर्णपदक जिंकले. ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताबही त्यांच्या नावावर आहे. एवढ्या मानावर एखाद्याने उर्वरित आयुष्य सत्कार स्वीकारण्यात सुखाने घालविले असते. मामांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुलांना घडविण्याचे काम अंगावर घेतले. २००६ साली त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. खेळाडू म्हणून मैदान गाजविल्यानंतरही ज्यांनी खेळाची सेवा चालू ठेवली, त्यांच्यासाठी तो पुरस्कार होता.

या सेवेचे फळ कसे दिसते, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी ५७ किलो वजनगटात सुवर्णपदक जिंकले. ते राष्ट्रकुल स्पर्धेचेच पदक होते. मामांनी ४८ वर्षांपूर्वी त्याच स्पर्धेत सुवर्ण मिळविले होते. राहुल यांनी आपले पदक दिवंगत गुरू बिराजदार मामांना अर्पण केले. मामा जाऊन तेव्हा साडेसहा वर्षे लोटली होती. त्यांचेच शिष्य, अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार यांनी दरम्यान राहुल यांना पुढे घडविले होते. वस्ताद गेले, पण त्यांचे काम पुढच्या हातांनी उचलून धरले होते.

आता आमच्या विभागाकडे वळतो. एके काळी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णास सहा-सहा आठवडे अंथरुणावर निश्चल ठेवण्याची रीत होती. १९५२ साली, म्हणजे आपल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले त्याच वर्षी, बॉस्टनचे सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचे फायदे प्रसिद्ध केले. तेथून वैद्यकाचा विचार हळूहळू पालटला. आज हृदयाची शस्त्रक्रिया झालेला रुग्णही काही दिवसांतच वऱ्हांड्यात पावले टाकू लागतो. गुडघा बदललेल्या रुग्णास बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत आधाराने उभे करतात. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, वृद्धांच्या छातीत कफ साठतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की प्रौढ माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. जोर-बैठकांनी दिवसाची सुरुवात करणाऱ्या तालमीला यात नवे ते काय वाटावे?

परंतु आमची एक उणीव आज या व्यासपीठावरून कबूल केली पाहिजे. रुग्ण घरी जाण्यास निघतो, तेव्हा आम्ही त्याच्या हाती व्यायामाचा छापील कागद देतो. चित्रे समजावून सांगतो, सही घेतो आणि आपले कर्तव्य पुरे झाले असे मानतो. महिन्याने तोच रुग्ण गुडघा आखडलेल्या स्थितीत परत येतो. विचारले तर तो म्हणतो, ‘‘दुखत होतं हो, म्हणून सोडलं.’’ कागद त्याच्याजवळ असतो. चार घड्या घातलेला, जसाच्या तसा.

तालमीत कोणी कागद देत नाही. पहाटे पोरे माती खणतात, अंगाला माती लावून हौद्यात उतरतात आणि वस्ताद काठावर उभा असतो. कोणाचा श्वास फुलला, कोणाचा पाय डगमगला, कोण आज चोरी करतो आहे, हे त्याला काठावरून दिसते. श्रमाचे दुखणे कोणते आणि इजेचे दुखणे कोणते, हा भेद तो जाणतो. पहिल्यात तो मुलाला आणखी दहा बैठका मारायला लावतो. दुसऱ्यात तो मुलाला बाहेर काढतो. रुग्णाला स्वतःला हा भेद कळत नाही. म्हणूनच तो भितो आणि थांबतो. त्याच्या भीतीला उत्तर देण्यासाठी जाणते माणूस शेजारी असावे लागते.

तालमीने आम्हांस एक इशाराही दिला आहे. मेहनत सुटते पण खुराक सुटत नाही, अशा पैलवानाचे वजन वाढते. पुढे मधुमेह आणि रक्तदाब त्याला गाठतात. कमावलेले शरीर म्हणजे बँकेतील कायम ठेव नव्हे. पदकविजेत्याला जे लागू आहे, ते आपणां सर्वांना लागू आहे. बळ रोज कमवावे लागते.

म्हणून देणगीदारांस आमचे नम्र निवेदन आहे. आपल्या औदार्यातून यंत्रे येतात, खाटा वाढतात, त्याबद्दल हे रुग्णालय आपले ऋणी आहे. परंतु यंत्राशेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाचे मोल ताळेबंदात सहसा ठळकपणे दिसत नाही. घरी गेलेल्या रुग्णाच्या दारात जाऊन ‘‘काका, आज किती पावले झाली?’’ असे विचारणारे प्रशिक्षित माणूस हे आमच्या दृष्टीने शस्त्रक्रियेइतकेच आवश्यक आहे. विश्वस्त मंडळाने येत्या वर्षाचा विचार करताना या कामास स्थान द्यावे, अशी विनंती आम्ही आज जाहीरपणे करीत आहोत.

आणि रुग्णांच्या आप्तांना काय सांगावे? आपण आपल्या वडिलांच्या, आजीच्या उशाशी रात्रीच्या रात्री जागता. त्यांना पाणी उचलून देता, चप्पल पायात घालता, ‘‘तुम्ही उठू नका’’ म्हणून मायेने दटावता. ती माया आम्ही जाणतो. तथापि डॉक्टरांनी चालण्यास अनुमती दिल्यानंतर हात देऊन त्यांना उठविणे, ही त्याहून अवघड माया आहे. वस्तादाची माया अशीच असते; पोराला घाम फुटलेला पाहून तिचा जीव तुटतो, आणि तरीही ती त्याला पुन्हा उभे राहायला सांगते. रोज सकाळी पंधरा मिनिटे आपण त्यांच्या बाजूला उभे राहिलात, तर त्या घडी घातलेल्या कागदाचे चीज होईल.

मामांना या रुग्णालयाची एखादी खोली किंवा फलक अर्पण करावा, असा आमचा हट्ट नाही. पाटोद्याच्या एका मुलाने त्यांना सुवर्णपदक अर्पण केले, त्याहून मोठे आम्ही काय देणार? खुब्याचे हाड मोडून आलेली एखादी आजी पुन्हा आपल्या पायांनी देवळात जाऊन आली, की आम्ही मनोमन म्हणू, मामा, हौद्याचा काठ अजून रिकामा पडलेला नाही.

बिराजदार मामांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.